३०० लिटर दूध, एक टनाची मशीन, तरी सकाळी दूध फाटतंय. हिशेब कुठे चुकतोय?

गोरस_रामबाग
१९ एप्रिल, रात्री १०:५०

नमस्कार. इंदूरला रामबागेत आमचं छोटं दूधघर आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि माझे धाकटे दीर बघतो. शिकंजी, रबडी, आणि पाडव्यापासून पुढे उन्हाळाभर श्रीखंड. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडची शिकंजी म्हणजे लिंबू-सरबत नाही, आटीव दुधाची असते.

संध्याकाळी साडेसहाला सांवेरच्या बाजूने ३०० लिटर दूध येतं, ४० लिटरच्या आठ कॅनमध्ये. ते रात्रभर ठेवून सकाळी आटवायला घेतो. आधी बर्फावर भागायचं. फेब्रुवारीत कोल्ड रूम बांधून घेतली: दहा बाय दहा, उंची आठ फूट, ६० मिलिमीटरचे पफ (उष्णता अडवणारा फोम) पॅनल. ठेकेदार म्हणाला, एक टनाची मशीन पुष्कळ झाली. मार्चपर्यंत सगळं ठीक होतं. एप्रिल लागला आणि सकाळी दूध तापवायला घेतलं की आठातले दोन-तीन कॅन फाटायला लागले. एका कॅनचं नुकसान म्हणजे काय ते धंद्यातल्यांना सांगायला नको.

ठेकेदार आता म्हणतो दीड टनाची लावा, आणि आकडा सांगतो तो ऐकून झोप उडाली. मी कॉमर्सची आहे. जमाखर्च मला कळतो, पण ही उष्णता मोजतात कशी ते कळत नाही. "लावून टाका" असं सांगणारे खूप भेटले. एक टन का, दीड का, हे मला कागदावर मांडून हवंय. कोणी शिकवेल का?


राजेंद्रनगर_७
१९ एप्रिल, रात्री ११:२०

वहिनी, एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं एकक). बारा बाय बाराच्या खोलीला एक टन लागतो, तुमची तर दहा बाय दहाच आहे. मशीन पुरेशी आहे, गॅस कमी असेल.


तिलकनगर_काका
२० एप्रिल, सकाळी ७:१५

बारा बाय बाराचा ठोकताळा बसायच्या खोलीचा आहे, जिथे २५-२६ अंश हवेत. दुधाच्या खोलीला तो लावू नका.

गोरसताई, मी पॉलिटेक्निकमध्ये हाच विषय शिकवला. तुमचा प्रश्न जमाखर्चाचाच आहे, म्हणून तुम्हाला लवकर जमेल. खोलीत उष्णता कुठून कुठून जमा होते ते एका बाजूला, मशीन ती किती वेगाने बाहेर टाकते ते दुसऱ्या बाजूला.

आधी 'टन' काय ते बघू. हे वजन बर्फाचं आहे. मशीन यायच्या आधी थंडावा बर्फाने विकला जायचा, म्हणून मोजमाप तेच राहिलं. अमेरिकेतला टन २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलो. एवढा शून्य अंशाचा बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता पितो, तो एक टन शीतकरण. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोजूल लागतात. ९०७ गुणिले ३३४ भागिले ८६,४०० सेकंद: साडेतीन किलोवॅट. बस, एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट. यात 'किलो' आहे तसे 'चोवीस तास'ही आहेत, हे विसरायचं नाही. उष्णता किलोजुलात मोजायची आणि तिचा वेग किलोवॅटमध्ये. ताळेबंद आणि मासिक हप्ता यांत जो फरक, तोच इथे.

आता मला हे सांगा: दूध येतं तेव्हा किती अंश, खोली किती अंशावर लावली आहे, दार दिवसातून किती वेळा उघडतं, आत पंखे-दिवे किती. आणि मिस्त्रीकडून दोन्ही गेजचे (मशीनमधल्या गॅसच्या दाबाचे) आकडे घ्या, मशीन तासभर चालल्यावर.


गोरस_रामबाग
२० एप्रिल, दुपारी २:४०

काका, मनापासून आभार. दूध ३५ अंश. खोली ३ वर लावली आहे. दार दिवसभरात तीसेक वेळा उघडतं. आत कॉइलचे (थंड नळ्यांचे) दोन पंखे, एक दिवा, आणि माणूस सगळा मिळून दोन तास. दिरांनी दुपारी गेज लावून घेतले, बाहेर तेव्हा ३८ होतं. लहान गेज १५, मोठा १७७, दोन्ही पीएसआय (दाबाचं एकक). गॅस आर-१३४ए. मशीन चालू असताना मीटर तासाला १.१ ते १.२ युनिट पळतो.


तिलकनगर_काका
२० एप्रिल, रात्री ९:०५

छान, याच्याहून जास्त काही नको. जमेची बाजू मांडतो, वही काढा.

भिंतीतून येणारी उष्णता. सूत्र एकच आहे आणि पुढे सगळीकडे तेच लागणार: क्यू = यू × ए × तापमानातला फरक. ए म्हणजे क्षेत्रफळ. यू म्हणजे एका चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला, किती वॅट झिरपतात तो आकडा. पफची उष्णतावाहकता ०.०२३ धरा, जाडी ०.०६ मीटर, भागाकार ०.३८. चार भिंती आणि छत मिळून ३७.८ चौरस मीटर. मे महिन्यातल्या दुपारचे ४२ धरू आणि आत ४. फरक ३८. गुणाकार साधारण ५४५ वॅट. जमीन २८ अंश धरली तर फरशीतून आणखी ८०. एकूण सव्वासहाशेच्या आसपास, म्हणजे ०.६३ किलोवॅट. दिवसाचे ५४,४०० किलोजूल.

दारातून येणारी हवा. एवढ्या आकाराच्या खोलीची हवा दिवसात सुमारे २० वेळा बदलते असं धरतात. खोली २१.६ घनमीटर, म्हणजे रोज पावणेपाचशे किलो बाहेरची हवा. मे महिन्यातली इंदूरची कोरडी हवा किलोमागे ५१ किलोजूल आणते, बाष्प धरून. झाले २४,२००.

पंखे, दिवा, माणूस मिळून सरासरी २०० वॅट: १७,३००. थंड खोलीत काम करणारा माणूस स्वतःच अडीचशे वॅट टाकतो, म्हणून गप्पा बाहेर.

आणि दूध. ३०० लिटर म्हणजे ३०९ किलो. दुधाची विशिष्ट उष्णता, म्हणजे एक किलो दूध एक अंश उतरवायला काढावे लागणारे किलोजूल, ३.९. पस्तिसावरून पाचावर, ३० अंश. ३०९ × ३.९ × ३० = ३६,१५० किलोजूल.

बेरीज १,३२,०५०. याला २४ तासांनी भागलं तर १.५३ किलोवॅट. ठेकेदाराने बहुधा इथेच थांबून "एक टन म्हणजे साडेतीन, दुपटीहून जास्त" असं म्हटलं असणार. पण मशीन चोवीस तास चालत नाही, कॉइलवरचा बर्फ उतरवायला थांबते. १६ तास धरा: २.३. थोडी सवड ठेवून अडीच किलोवॅट.

गेजवरून मशीनचं चक्र उद्या मांडतो. डोळे दमले.


कलाभवन_तिसरं_वर्ष
२० एप्रिल, रात्री ११:४५

नमस्कार, मी बडोद्याला मेकॅनिकल तिसऱ्या वर्षाला आहे, सध्या हाच विषय चालू आहे म्हणून लिहिते. १५ पीएसआय म्हणजे १.०३ बार. आर-१३४एच्या तक्त्यात या दाबाला उत्कलन उणे २६ अंशांवर होतं. ३ अंशांच्या खोलीसाठी उणे २६ खूपच खाली आहे, म्हणजे गॅस कमी आहे. ताई, गॅस भरून घ्या.


सियागंज_कॉइल
२१ एप्रिल, सकाळी ८:३०

बेटा, गॅस भरू नका. ताई, कृपा करून भरू नका. मी बावीस वर्षं हेच काम करतो. १५ वर कॉइल उणे दहा असते, हे आम्हाला पाठ आहे. तक्ता काय सांगतो ते काका सांगतील. जास्त गॅस भरला तर मोठा गेज चढेल आणि कॉम्प्रेसर जाईल.


तिलकनगर_काका
२१ एप्रिल, सकाळी ९:५०

सियागंजवाल्या दादांचं बरोबर. आणि बडोद्याच्या मुली, तुझा तक्ताही बरोबर. चूक दोघांच्या मधल्या पायरीत आहे. परीक्षेत दरवर्षी निम्मा वर्ग इथे घसरायचा. गेज वातावरणाच्या दाबापासून पुढे मोजतो, तक्ता निर्वात शून्यापासून. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, इथे वातावरणाचा दाब सुमारे ०.९५ बार, म्हणजे १३.८ पीएसआय. तेवढे मिळव. १५ चे झाले २८.८, म्हणजे २ बार: उणे १० अंश. १७७ चे झाले १९०.८, म्हणजे १३.२ बार: ५० अंश. बाहेर ३८ असताना कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी मागची जाळी) ५० वर, हे निरोगी लक्षण आहे. गॅस कमी नाही.

आता चक्र. दाब-एन्थॅल्पी आलेखावर चार कोपरे काढा. एन्थॅल्पी म्हणजे एका किलो गॅसच्या अंगातली उष्णतेची शिल्लक, एवढं समजलं तरी पुरे. आकडे किलोजूल प्रति किलो.

कॉइलमधून बाहेर पडणारी वाफ, उणे १० वर: ३९२.७. कंडेन्सरमधून निघणारा द्रव, ५० वर: २७१.६. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये दाब पडतो पण शिल्लक बदलत नाही, म्हणून कॉइलमध्ये शिरतानाही २७१.६. वजाबाकी १२१.१. एक किलो गॅस कॉइलमधून फिरला की खोलीतून एवढी उष्णता उचलतो.

कॉम्प्रेसर आदर्श असता तर वाफ ४३२ वर नेऊन सोडली असती, म्हणजे ३९.३ चं काम. खरा कॉम्प्रेसर ७० टक्के धरा: ५६.१. बाहेर पडताना शिल्लक ४४८.८. कंडेन्सरला यातून २७१.६ पर्यंत उतरवायचं, म्हणजे १७७.२ बाहेरच्या हवेत टाकायचे. ताळा करा: १२१.१ अधिक ५६.१ बरोबर १७७.२. जमाखर्च जुळला. खोलीतून काढलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरने घातलेली वीज, दोन्ही मागच्या जाळीतून बाहेर पडतात. म्हणून कंडेन्सर नेहमी कॉइलहून जास्त, इथे जवळपास दीडपट, उष्णता हाताळतो, आणि लोक नेमकी त्याचीच जागा कोंदट निवडतात.

१२१.१ भागिले ५६.१ म्हणजे २.१६. एक युनिट वीज घातली की २.१६ युनिट उष्णता बाहेर.

आता मुद्द्याचं. तुमची मशीन 'एक टन' कुठल्या तापमानाला? हे आकडे बहुधा एसीच्या अटींवर दिलेले असतात, कॉइल ५-७ अंशांवर असताना. कॉम्प्रेसरचा सिलिंडर दर फेऱ्याला ठरलेलं आकारमान ओढतो, ठरलेलं वजन नव्हे. ५ अंशांवर एक किलो वाफ ०.०५८४ घनमीटर जागा घेते, उणे १० वर ०.०९९६. म्हणजे तेवढ्याच फेऱ्यात वजन भरतं साठ टक्क्यांहून कमी. एक घनमीटर वाफेमागे ५ अंशांवर २,२२४ किलोजूल उचलले जातात, उणे १० वर १,२१६. ५५ टक्के. साडेतीन किलोवॅटचे राहिले १.९. वजनाचा प्रवाह सेकंदाला १६ ग्रॅम, त्यावर काम ०.८९ किलोवॅट. पंखे आणि मोटरचे तोटे धरले की तुमच्या मीटरच्या १.१-१.२ युनिटांशी छान जुळतं, म्हणून या आकड्यावर माझा विश्वास बसतो.

हवे अडीच, मिळतात १.९. ठेकेदार दीड टन का म्हणतो ते आता कागदावर दिसतं.


कलाभवन_तिसरं_वर्ष
२१ एप्रिल, सकाळी १०:१०

काका, चूक कळली. ही मी आता जन्मात विसरणार नाही. गोरसताई, माझ्या सांगण्यावरून गॅस भरला नाही ना?


गोरस_रामबाग
२१ एप्रिल, दुपारी ३:३०

नाही गं, काळजी करू नकोस. मीसुद्धा रात्री तुझंच खरं मानून बसले होते, आणि तू लिहिलंस म्हणून तर ती पायरी मला समजली.

काका, सगळं दोनदा करून पाहिलं, दोन्ही बाजू जुळल्या. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पण एक शंका. मशीन कमी पडत असेल तर खोली गरम राहायला हवी. काल मी थर्मामीटर घेऊन बसले. दूध ठेवल्यावर सातच्या सुमाराला खोली ९ पर्यंत चढली, पण साडेनऊपर्यंत परत ३ वर आली आणि मशीन बंद-चालू व्हायला लागली. साडेदहाला कॅनचं झाकण उघडून दुधात थर्मामीटर घातला तर २०! सकाळी साडेसहाला ८. खोली थंड, मशीन आराम करतेय, आणि दूध गरम. हे काय आहे?


सियागंज_कॉइल
२१ एप्रिल, संध्याकाळी ७:४५

ताई, आम्ही रोज बघतो. कॅन बाहेरून हाताला गार लागतो, आत दूध कोमट. आठ कॅन एकमेकांना चिकटवून ठेवले असतील तर मधल्यांना हवाच लागत नाही. फाटतात ते दोन-तीन कॅन मधलेच आहेत का, बघा.


गोरस_रामबाग
२१ एप्रिल, रात्री ८:०५

मधलेच आहेत. आत्ता जाऊन दिरांना विचारलं.


तिलकनगर_काका
२२ एप्रिल, पहाटे ५:५०

रात्री झोप लागली नाही. गोरसताई, तुमच्या थर्मामीटरने मला जागं केलं. मी दोन दिवस मशीनकडे बघत होतो आणि दुधाकडे बघायचं राहिलं. अडीच विरुद्ध १.९ हा हिशेब खोटा नाही, पण तुमचं दूध त्यामुळे फाटत नाही. दीड टन लावलं असतं तरी फाटलं असतं. परवाचं तेच सूत्र एका कॅनला लावतो.

दुधाने भरलेला ४० लिटरचा कॅन, उघडं अंग सुमारे ०.६ चौरस मीटर. पंख्याच्या हवेत धातूच्या पृष्ठभागावरून उष्णता जाते ती चौरस मीटरला, अंशामागे १२ वॅट धरा. म्हणजे कॅन दर अंशाच्या फरकाला ७.२ वॅट सोडतो. आणि कॅनमधलं ४१ किलो दूध एक अंश उतरायला १,६१,००० जूल मागतं. भागाकार: २२,४०० सेकंद, सव्वासहा तासांच्या जरा आत. हा त्या कॅनचा कालांक. दर सव्वासहा तासांनी दूध आणि हवा यांतला फरक आधीच्या ३७ टक्क्यांवर येतो.

पस्तिसाचं दूध, हवा ३, फरक ३२. चार तासांनी फरक उरतो १६.८, म्हणजे दूध १९.८ वर. बारा तासांनी ७.६ वर. तुम्ही मोजलंत २० आणि ८. ताई, माझ्या उभ्या आयुष्यात वर्गातला हिशेब इतका जुळलेला थोड्या वेळा पाहिला. पाचावर यायला सतरा तास लागतील, मशीन दहा टनाची लावा की वीस टनाची. हवा आणखी थंड करावी म्हटलं तर दूध उणे अर्ध्या अंशाजवळ गोठायला लागतं. मधल्या कॅनना हवा लागणारं अंगच कमी, त्यांचं गणित याहून वाईट. २० अंशांवर चार-चार तास राहिलेल्या दुधात जंतू काय वेगाने वाढतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

उपाय हवा बदलण्याचा आहे. हवेच्या जागी पाणी. बर्फाच्या पाण्यात कॅन गळ्यापर्यंत उभा केला तर बारा वॅटच्या जागी, आतल्या दुधाच्या बाजूचा अडथळा धरूनही, दीडशेच्या आसपास मिळतात. बुडालेलं अंग ०.५ चौरस मीटर: अंशामागे ७५ वॅट. कालांक ३६ मिनिटं. एक अंशाच्या पाण्यात पस्तिसावरून पाचावर यायला सव्वा तास.

आणि बर्फ किती? ३६,१५० भागिले ३३४. १०८ किलो.


गोरस_रामबाग
२२ एप्रिल, सकाळी ११:२०

काका, सासरे हे ऐकून एवढंच म्हणाले, "मी वीस वर्षं कॅन हौदात बर्फाच्या पाण्यात ठेवत होतो." फेब्रुवारीत खोली आली आणि तो हौद आम्ही फोडला.


राजेंद्रनगर_७
२२ एप्रिल, दुपारी १:००

पहिल्या दिवशी गॅसचं मी उगाच बोललो, माफ करा. धागा वाचून आता माझाही प्रश्न. वरच्या मजल्यावर बारा बाय बारा, दीड टनाचा एसी आहे, दुपारी चारला २९ च्या खाली उतरत नाही.


तिलकनगर_काका
२२ एप्रिल, दुपारी ४:१५

तुमचं छप्पर. काँक्रीटच्या उघड्या स्लॅबचा यू ३ च्या आसपास. १३ चौरस मीटर, उन्हाने तापलेल्या गच्चीचा आणि खोलीचा फरक ३० धरा: सुमारे १.२ किलोवॅट, टनाचा तिसरा हिस्सा फक्त डोक्यावरून. गच्चीला पांढरा चुना मारा, मग बोलू. भिंतींचं वेगळा धागा काढून विचारा, इथे दुधाचं चालू द्या.


गोरस_रामबाग
२७ एप्रिल, रात्री ९:३०

प्रयोग केला. प्लास्टिकचं मोठं टब आणलं, बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी. एकच कॅन. काकांच्या हिशेबाने एका पूर्ण भरलेल्या कॅनला साडेचौदा किलो बर्फ, मी वीस घातला. नुसता ठेवला तेव्हा पाचावर यायला एक तास पन्नास मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी दर दहा मिनिटांनी उकळत्या पाण्यातून काढलेल्या स्टीलच्या दांड्याने दूध ढवळलं: एक तास वीस मिनिटं. दोन्ही कॅन सकाळी तापवले. नीट आटले.

शेजारी खोलीत ठेवलेला कॅन त्याच रात्री साडेदहाला २१ वर होता.


सियागंज_कॉइल
२७ एप्रिल, रात्री १०:००

शाब्बास ताई. एकच सांगतो, कारखान्याच्या लादीचं पाणी दुधात उडू देऊ नका, ते खायचं नसतं. पाणी झाकणाच्या खूप खाली ठेवा.


तिलकनगर_काका
२८ एप्रिल, सकाळी ७:४०

ढवळल्यावर वेळ का कमी झाला ते लक्षात घ्या. न ढवळलेल्या दुधात भिंतीलगतचा थर गार होतो आणि उरलेलं दूध आत कोमट राहतं. तो थर स्वतःच पांघरुणासारखा वागतो. बल्क कूलरमध्ये, म्हणजे दूध थंड करायच्या मोठ्या टाकीत, म्हणूनच ढवळणी असते.

आता बर्फ विकत घ्यायचीही गरज नाही, तुमची मशीन तो करू शकते. हौदात तांब्याचं वेटोळं टाकून रात्री त्यावर बर्फ जमवायचा. रात्री दहा तासांत ३६,००० किलोजूल म्हणजे बरोबर एक किलोवॅट. आणि माळव्याची रात्र तुमच्या बाजूने आहे. शब-ए-माळवा म्हणतात ते कवींनी म्हटलं असेल, पण कंडेन्सरलाही ते लागू आहे. बाहेर २६-२७ असताना कंडेन्सर ५० ऐवजी ४० वर बसतो. तिथे द्रवाची शिल्लक २५६.४, म्हणजे प्रत्येक किलो गॅस १२१ ऐवजी १३६ उचलतो, आणि काम ५६ ऐवजी ४८. २.१६ चे झाले २.८२. तीस टक्के जास्त थंडावा त्याच विजेत. त्या वेळी मशीन १.९ ऐवजी २.१ किलोवॅट देते, खोलीच्या भिंती-दाराला रात्री पाऊण पुरतो, उरलेल्यात बर्फ आरामात होतो. दूध संध्याकाळी साडेसहाला आलं की रात्री साठवलेला थंडावा तयार. दीड टनाची गरज उरत नाही.


कलाभवन_तिसरं_वर्ष
२८ एप्रिल, दुपारी १२:३०

काका, एक विचारू? मी पावसाळ्याचा हिशेब करून पाहिला. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तर एक किलो हवा खोलीच्या मानाने ६८ किलोजूल आणते, मे महिन्यातली ४२ अंशांची ५१ च. मला वाटलं परत काही चुकलं, तीनदा केलं. थर्मामीटर १४ अंश खाली आणि उष्णता जास्त?


तिलकनगर_काका
२८ एप्रिल, दुपारी २:००

काही चुकलेलं नाही, पोरी. अगदी बरोबर आहे. बाष्पाचा एकेक ग्रॅम कॉइलवर पाणी होताना अडीच किलोजूल सोडतो, आणि जुलैतल्या हवेत बाष्प मेच्या दुपटीहून जास्त. वर ते कॉइलवर बर्फ होऊन बसतं आणि हवेची वाट बंद करतं. गोरसताई, म्हणजे दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात जास्त हवा. दिवसाला ८,००० किलोजुलांचा फरक आहे, दुधाच्या भाराच्या पाचव्या भागाहून जास्त.

इतक्या नेमकेपणाने तीनदा ताळा करणारी मुलं या विषयात राहावीत असं मला फार वाटतं.


गोरस_रामबाग
३ मे, रात्री १०:१५

सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात स्टीलचा हौद सांगितला. आठ कॅन, प्रत्येकाभोवती चार बोटं मोकळी, म्हणजे पाणी फिरेल. बाहेरून ६० मिलिमीटर पफ, काकांनी सांगितल्याप्रमाणे यू काढून. सासऱ्यांनी उंची ठरवली: दुधाच्या पातळीपर्यंत पाणी, त्यावर नाही. पाणी हलतं ठेवायला छोटा पंप. ठेकेदाराला दीड टनाला नाही म्हणून कळवलं. त्याला चार पानी हिशेब पाठवला, अजून उत्तर नाही.

सियागंजवाले दादा, वेटोळं आणि त्याचा वेगळा व्हॉल्व्ह तुम्ही बसवून द्याल का? कंडेन्सरही बघायचा आहे. जिन्याखालच्या कोपऱ्यात आहे, समोर भिंत दोन फुटांवर.


सियागंज_कॉइल
३ मे, रात्री १०:४०

देतो ताई. दोन फुटांवर भिंत म्हणजे तो स्वतःचीच गरम हवा परत ओढतो. आधी त्याला गच्चीवर सावलीत नेऊ. वेटोळं नंतर. किती वाजता येऊ?


गोरस_रामबाग
३ मे, रात्री १०:४५

रविवारी दुपारी एकला या. सकाळचं दूध आटलेलं असतं, संध्याकाळचं यायचं असतं, खोली रिकामी मिळेल. जेवायलाच या.